एका काचेसाठी कोण येतंय?

"एका काचेसाठी कोण येतंय, साहेब? अख्खी खिडकी बदलायची असेल तर सांगा." शहरातल्या समस्त काचवाल्यांना हे वाक्य एकाच गुरूने शिकवलं असावं. आमची इमारत जुनी, खिडक्या सागवानी. जो तो म्हणे, ॲल्युमिनियमची स्लायडिंग टाका, कटकट मिटेल. माझी कटकट जेमतेम दीड बाय दोन फुटांची होती, ती कुणी ऐकूनच घेईना.

तोवर तिथे मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला. महिना जुलै. दुपारी आडवा पाऊस आला आणि पुठ्ठ्याची लापशी झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काच फुटली ना, इडापिडा टळली समजा." टळली असेल, डास मात्र आले.

पोरांना विचारलं, तर सगळे एका सुरात, "काका, आम्ही टेनिस बॉलने खेळतो." माझ्या हातात सीझन बॉल. तो कुणाचाच नव्हता. संध्याकाळी परत मागायला मात्र चौघं आली.

शेवटी ओळखीतून एक म्हातारे कारागीर मिळाले. टेप लावून म्हणाले, "सतरा इंच तीन सूत."

"म्हणजे किती सेंटीमीटर?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने चहा टाकायला गेलो. (इंचाचे आठ सूत, हे नंतर मुलीने गूगलवर बघून सांगितलं.) काच चौकटीपेक्षा सूतभर कमीच घ्यायची, कारण पावसात लाकूड फुगतं. मग त्यांनी हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याची लेखणी, काढली. पट्टी धरून एकच रेघ, कर्रर्र! खालून दोनदा टकटक, हाताने हलका दाब, आणि काच बरोब्बर रेघेवर सुटली. मला साधा पापड असा मोडता येत नाही.

चौकटीत चुका (बारीक खिळे) ठोकून वर अंगठ्याने लांबी भरली. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल, घरभर वास.

"वाळेपर्यंत खिडकीला हात लावू नका."

"कधी वाळेल?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "दसऱ्याला उघडा."

नवी काच एवढी लख्ख, की तिच्या शेजारच्या पाच काचा दुधी वाटायला लागल्या. बायको बराच वेळ बघत उभी राहिली.

"या पण बदलून घ्यायच्या का?"

"अगं, त्या नुसत्या पुसायच्या आहेत," मी म्हणालो.

फडकं तिच्या हातात आधीपासूनच होतं. ते तिने माझ्याकडे दिलं.