"साठ दिवस झाले, मंजुरी आपोआप!" असं म्हणणाऱ्या मेसेजबद्दल, जरा वैतागूनच

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. "व्यापारी बंधूंनो, आर्किटेक्ट आणि मनपा तुमच्यापासून जे लपवतात" असं मथळ्यात, खाली सहा मुद्दे, आणि शेवटी दहा व्यापाऱ्यांना पाठवा म्हणून विनंती. नागपुरात इतवारीपासून कळमन्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला आहे. असल्या गोष्टींना उत्तर देत बसायला मला वेळ नसतो, पण हा आमच्या मोठ्या भाऊजींपर्यंत पोचला आणि त्यांनी तो वाचून थेट ठेकेदाराला सांगून टाकलं की सोमवारी जेसीबी आण. पारडीकडे त्यांचा प्लॉट आहे, समोर शोरूम आणि मागे गोडाऊन असा बेत, नकाशा आमच्याच ऑफिसातून सबमिट झालेला, मंजुरी अजून यायची आहे. ताईनं फोन केला म्हणून मला कळलं तरी. मी दिवसभर हेच करतो, नकाशे काढतो, त्रुट्या भरतो, नगररचना विभागात चकरा मारतो, आणि माझ्याच घरचा माणूस व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवतो!

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मनपानं साठ दिवसांत उत्तर दिलं नाही की मंजुरी मिळाली समजा आणि बांधा, इमारत बाहेरून कशी दिसावी आणि आत काय ठेवावं ही मालकाची मर्जी, फायर एनओसी फक्त उंच टॉवरला लागते, ३,२०० चौरस फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही, एमआयडीसीत कोणी विचारत नाही, आणि काही झालंच तर नंतर दंड भरून रेग्युलर करून घेता येते.

पहिल्यावरच जास्त बोलतो, कारण नुकसान तिथंच आहे.

साठ दिवसांची गोष्ट हवेतून आलेली नाही, हे मान्य. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, त्यातलं कलम ४५ चं पोटकलम ५. त्यात खरंच लिहिलं आहे की साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असं मानलं जाईल. मेसेजवाल्यानं एवढं उचललं आणि पुढचं कापून टाकलं. पुढे काय आहे ते वाचा ना बाबा. एक तर साठ दिवस अर्ज दिल्यापासून, किंवा मनपानं काही मागितलं असेल तर त्याचं तुमचं उत्तर पोचल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून. दुसरं, त्याच पोटकलमाला दोन परंतुकं (म्हणजे "पण अट अशी" म्हणणारी वाक्यं) आहेत. पहिलं म्हणते की तुमचा प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांत काटेकोर बसणारा पाहिजे आणि विकास आराखड्याशी कुठेही भांडणारा नको. दुसरं म्हणते की अशा मानीव (म्हणजे मिळाली असं धरलेल्या) परवानगीवर केलेलं बांधकाम पहिल्या परंतुकाच्या विरुद्ध निघालं तर ते अनधिकृत बांधकाम धरलं जाईल, कलम ५२ ते ५७ साठी. म्हणजे काय, तर नोटीस, पाडकाम, आणि कलम ५२ मध्ये तर महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

आता हे भाऊजींच्या फाइलवर लावून पाहू, म्हणजे कळेल मी काऊन चिडलो ते.

त्यांच्या नकाशावर त्रुटीपत्र आलेलं आहे. मनपा गप्प वगैरे काही बसलेली नाही, त्यांनी लिहून विचारलं आहे, उत्तर आपल्याकडून बाकी आहे. काय विचारलं? मागच्या बाजूला सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा) कमी पडते, कारण तिथं भाऊजींनी हट्टानं चौकीदाराची खोली आणि जनरेटर बसवायला लावला (आमच्या सरांनी आधीच सांगून पाहिलं होतं, पण गिऱ्हाईक आणि त्यातून नातेवाईक, कोण ऐकते). मग गोडाऊनला बाहेर पडायला एकच शटर, दुसरा दरवाजा नकाशात नाही. आणि वर ऑफिसकडे जाणारा जिना मीटर बोर्डाला चिकटून. तिन्ही मुद्दे बरोबर आहेत, साहेबांनी चहा न पिता काढले असते तरी निघाले असते. मीटर बोर्डातून धूर निघाला तर वरच्या ऑफिसातली दोन पोरं आणि अकाउंटंट कुठून उतरणार? आम्ही जिना पुढे आणायचा आणि मागे दरवाजा द्यायचा असं सुधारित काढून ठेवलं आहे, पण त्यात रॅकची एक पूर्ण रांग जाते आणि भाऊजी ती सोडायला तयार नाहीत, म्हणून उत्तर गेलं नाही.

तेव्हा त्यांचे साठ दिवस अजून सुरूच झाले नाहीत. आणि समजा झाले असते, मनपा खरंच झोपली असती, तरी हा नकाशा नियमात बसत नाही, म्हणजे पहिल्या परंतुकातच आपटला. मानीव परवानगीचा फायदा फक्त त्याला आहे ज्याचा नकाशा तसाही मंजूर व्हायचाच होता. आणि तो नियमात बसतो की नाही याची जोखीम साठाव्या दिवशी मनपाच्या डोक्यावरून उतरून तुमच्या डोक्यावर येते, एवढाच फरक. मनपानं मंजूर केलेल्या नकाशावर निदान त्यांचा शिक्का तरी असतो.

हे सगळं मी भाऊजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तू ऑफिसच्या बाजूनं बोलून राहिला." ठीक आहे. कलम ऑफिसचं नाही, विधिमंडळाचं आहे.

दुसरा मुद्दा, दिसणं आणि मर्जी. इथं अर्धी गोष्ट मला नाइलाजानं कबूल करावी लागते. आपल्याकडे मनपा सहसा सौंदर्यदृष्टीनं नकाशा पाहत नाही. तुमचं शोरूम पोपटी रंगाचं असो की त्यावर पंधरा फुटांचा कलश असो, साहेब एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधता येते ते), मार्जिन (तेच सामासिक अंतर), उंची, पार्किंग, जिने, रस्त्याची रुंदी एवढंच पाहतात. कधी कधी वाटते थोडं दिसणंही पाहिलं असतं तर सीताबर्डीच्या बाजाराचं असं झालं नसतं, पण तो वेगळा विषय. मात्र सगळीकडे मर्जी चालत नाही. हेरिटेज यादीतली वास्तू किंवा परिसर असेल, कस्तुरचंद पार्कसारखा, तर प्रकरण हेरिटेज संवर्धन समितीकडे जाते. सोनेगावच्या विमानतळामुळं उंचीला कलर कोडेड झोनिंग मॅप (कुठं किती उंच बांधता येते ते रंगांनी दाखवणारा नकाशा) लागतो, २०१५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात मालकाची मर्जी विचारत नाहीत. समोर काचच काच लावायची आहे? लावा, पण नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ सांगतो की काचेच्या दर्शनी भागात प्रत्येक मजल्यावर उघडणारे भाग पाहिजेत, एकमेकांपासून दहा मीटरच्या आत, म्हणजे फायरवाल्याला बाहेरून आत शिरता येईल आणि धुराला बाहेर पडता येईल.

नदीनाल्याच्या काठचं तर बोलायलाच नको. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपुरात कोण विसरला? काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदीकाठच्या दुकानांत माल तरंगत होता. निळ्या पूररेषेच्या (ही नदीजवळची हद्द, लाल रेषा त्यापलीकडची, आणखी मोठ्या पुराची) आत बांधकामाला मनाई आणि निळ्या-लाल रेषेच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर, हे नियमावलीत आहे. तुमचा नकाशा पाहणारा माणूस ती रेषा तुमच्या प्लॉटवर ओढून पाहतो, ते काम मालकाच्या मर्जीनं होत नसते.

आणि "आत काय ठेवावं" म्हणे. बेसमेंट पार्किंगचं दाखवायचं आणि मग त्यात माल भरायचा, नाहीतर भाड्यानं क्लास लावायचा. दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरला २७ जुलै २०२४ ला कोचिंगच्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. त्या बेसमेंटला परवानगी होती पार्किंग आणि स्टोरेजची.

तिसरा, फायर. "फक्त टॉवरला लागते" हे साफ खोटं आहे. राज्याची एकत्रित नियमावली, आम्ही तिला यूडीसीपीआर म्हणतो, डिसेंबर २०२० पासून लागू, तिच्यात विशेष इमारतीची व्याख्या दिली आहे. २४ मीटरपेक्षा उंच ती एक, आणि दुसरी म्हणजे शाळा, सभागृह, दुकानं-बाजार, कारखाना, गोडाऊन, धोकादायक माल यातलं काहीही, ज्याच्या कोणत्याही एका मजल्याचं बांधकाम ५०० चौरस मीटर किंवा जास्त आहे, उंची कितीही असो. उंची कितीही असो! ५०० चौरस मीटर म्हणजे साधारण ५,४०० चौरस फूट. भाऊजींचा तळमजला साडेसहा हजार फूट आहे, वर एकच ऑफिस, आणि तरी ते यात बसतात. फायरच्या अधिकाऱ्याची एनओसी लागणारच.

लागलीच पाहिजे, कारण माणसं टॉवरमध्येच मरतात असं नाही. ९ एप्रिल २०२१ ला आपल्या नागपूरजवळच्या वाडीतल्या खासगी हॉस्पिटलच्या आगीत चार पेशंट गेले, ती काही गगनचुंबी इमारत नव्हती. सुरतला २४ मे २०१९ ला कोचिंग क्लासच्या आगीत २२ जीव गेले, पोरं वरून उड्या टाकत होती ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, आणि ती इमारतही काही टॉवर नव्हती. आणि एनओसी मिळाली की संपलं असंही नाही, २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली दरवर्षी जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं लायसन्स असलेल्या एजन्सीचं फॉर्म बी द्यावं लागते. किती जण देतात ते विचारू नका.

चौथा, ३,२०० फूट. हा आकडा आला कुठून ते सांगतो, ग्रामीण भागातल्या घरांसाठी सरकारनं सवलत जाहीर केली होती, तिथून. शहरात यूडीसीपीआरमध्ये छोट्या, कमी जोखमीच्या बांधकामांना सोपी पद्धत आहे, १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला, तीही लायसन्सवाल्या माणसानं नियमात असल्याचं लिहून दिल्यावर आणि शुल्क भरल्यावर. साडेसहा हजार फुटांचं गोडाऊन त्यात बसवायला फार मोठी कल्पनाशक्ती पाहिजे.

पाचवा, एमआयडीसी. अर्धं खरं. हिंगणा, बुटीबोरीत नकाशा मनपाकडे जात नाही, कारण तिथं एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. पण तिची स्वतःची नियमावली आहे, तिचा स्वतःचा फायर विभाग आहे, आणि कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा संचालनालयाची नकाशा मंजुरी वेगळी. "कोणी विचारत नाही" म्हणणाऱ्यानं एकदा बुटीबोरीत शेड टाकून पाहावं. शहराच्या बाहेर एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), शहरात काही ठिकाणी नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास). कोणाकडे जायचं यात लोक गोंधळतात, तेवढं खरं आहे आणि त्याचा त्रास आम्हालाही होतो.

सहावा, दंड भरून रेग्युलर. गुंठेवारीच्या (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांच्या) कायद्यात मुदत वाढली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी. उद्या बांधणार त्याला काय उपयोग? आणि १७ डिसेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पाहा, मेरठच्या शास्त्रीनगरचं प्रकरण, राहत्या प्लॉटवर दुकानं काढलेली. कोर्टानं सरळ सांगितलं की नुसता वेळ गेला, पैसा लागला, अधिकारी गप्प राहिले म्हणून अनधिकृत बांधकाम कायदेशीर होत नाही. वर निर्देश दिले, देशभरासाठी: वीज-पाणी-गटारीचं कनेक्शन भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली, वापरायला हरकत नाही असा दाखला) पाहूनच, अनधिकृत इमारतीत धंद्याचं लायसन्स नाही, आणि बँकेनं इमारत तारण घेताना भोगवटा तपासायचा. भाऊजींचं गोडाऊन लोनवर आहे, हे मी त्यांना वेगळं सांगायला नको होतं पण सांगितलं, आणि एवढ्या सगळ्यात फक्त याच वाक्यावर ते थोडे गप्प झाले.

उशीर होतो का? होतो. फाइल पडून राहते, पोर्टल बंद पडते, एक त्रुटी भरली की दुसरी निघते जी पहिल्याच वेळी सांगता आली असती. याचा राग मलाही आहे, भाऊजींपेक्षा जास्त. पण त्यावर उपाय त्याच कायद्यात आहे जो मेसेजवाल्यानं अर्धाच वाचला. परवानगी नाकारली किंवा नको त्या अटी टाकल्या तर कलम ४७ खाली चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. झोन दाखला, भाग नकाशा असल्या कागदांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदतीत दिलं नाही तर अपील, आणि दोष सिद्ध झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पोर्टलवरची पोच, त्रुटीपत्राची तारीख, आपण उत्तर दिल्याची तारीख, या तिन्हींचे प्रिंट काढून फाइलला लावून ठेवा, अपिलात तेच कामी येतात. आणि ज्यांच्याकडे त्रुटीपत्र पडून आहे त्यांनी आधी त्याचं उत्तर द्या.