दार लावून घे

आजवर मी मित्रांच्या जिवावर कातळ चढलो. दोर त्यांचा, क्विकड्रॉ त्यांचे, पडायचं काम तेवढं माझं. बदामीला जायचं ठरलं तेव्हा निरोप आला, "या वेळी स्वतःचा सेट आण." बारा नग.

क्विकड्रॉ ही वस्तू म्हणाल तर साधी. दोन कॅराबिनर, म्हणजे उघडझाप करणारं दार (गेट) असलेल्या धातूच्या कड्या, आणि त्यांना जोडणारी शिवलेली पट्टी. वरचा कॅराबिनर कातळातल्या बोल्टला, खालच्यात दोर. यात निवडायचं काय, असं म्हणून बसलो आणि तीन आठवडे उठलो नाही.

सल्लागार तीन मिळाले. पहिला म्हणाला, तारेचं गेट घे. हलकं असतं, पडताना कॅराबिनर कातळावर आपटला तरी झटक्याने सहसा उघडत नाही. दुसरा म्हणाला, नाकाला, म्हणजे गेट जिथे टेकतं त्या टोकाला, खाच नसलेला घे, नाहीतर काढताना बोल्टच्या पत्तीत अडकून बसतो. तिसरा म्हणाला, पट्टी नायलॉनची आणि रुंद घे, धरायला बरी पडते. मी म्हटलं, "मी चढायला जातोय, लोंबकळायला नाही." तो नुसता हसला. लांबीवरून तिघांचं आपसात जुंपलं, ते अजून बोलत नाहीत.

शेवटी नमुन्याचा एक नग घरी आणला. आईने चष्मा लावून त्यावरचे आकडे वाचले.

"तेवीस काय?"

"किलोन्यूटन. म्हणजे तेवीसशे किलोंच्या वर."

"तू बहात्तर किलोचा."

पडताना बसणारा झटका वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो, हे मी हातवारे करून समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि बोट पुढच्या आकड्यावर नेलं. उघड्या दाराचं चित्र, शेजारी ९.

"गेट उघडं राहिलं तर ताकद एवढीच उरते," मी म्हटलं.

"मग तुझं काही खरं नाही. इतकी वर्षं सांगतेय, जाताना दार लावून घे."

एक गोष्ट मात्र तिला समजवावी लागली नाही. बोल्टला घासून वरच्या कॅराबिनरला बारीक चरे पडतात आणि ते दोर खातात, म्हणून वरच्या-खालच्या कॅराबिनरची अदलाबदल करायची नाही. दोराच्या बाजूचा ओळखू यावा आणि फिरू नये म्हणून पट्टीच्या त्या टोकाला रबर असतं. आई म्हणाली, "लोणच्याचा चमचा भाजीत घालायचा नाही. त्यात काय एवढं?" मला हेच कळायला दोन रात्री लागल्या होत्या.

एवढा अभ्यास करून घेतले कोणते? दुकानात जे बाराच्या बारा शिल्लक होते ते. नायलॉन, रुंद, आणि वजनाला असे की कमरेला लावल्यावर मी नंदीबैलासारखा वाजत चालत होतो.

बदामीत सकाळी तो लाल वालुकाश्म उन्हात पेटल्यासारखा दिसतो. पहिला बोल्ट झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला क्विकड्रॉ अडकवला, दोर ओढून घेतला आणि उजवा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. गेट तारेचं की वाकडं, नाक कसं, आकडे किती, काही आठवेना. खालून तिसरा सल्लागार ओरडला, "कशी आहे रे पट्टी?"

मी दोन्ही हातांनी धरली होती. बरी होती.