संदेश राहू दे, आधी गोष्ट सांगा

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'लघुपट स्पर्धा, इयत्ता सहावी ते आठवी' असा मेसेज पडला की पुढचं सगळं मला तोंडपाठ आहे. विषय: पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाईलचे दुष्परिणाम. वेळ तीन मिनिटं. शेवटी सामाजिक संदेश आवश्यक. मग एक मुलगा मोबाईल बघत बसतो, आई ओरडते, मुलगा नापास होतो, डोळे पुसतो आणि पडद्यावर अक्षरं येतात. हे चित्रित कशावर केलं, तर मोबाईलवर. मागे बासरी. दरवर्षी तीच बासरी.

माझं म्हणणं एवढंच की अकरा-बारा-तेरा वर्षांच्या मुलांना व्हिडिओतून गोष्ट सांगायला शिकवायचं असेल, तर त्यांच्याकडे संदेश मागूच नका. त्यांना जे जवळून माहीत आहे ते दाखवायला सांगा, घरात बोलतात त्या बोलीत. आणि हे काम संगणकाच्या सरांच्या गळ्यात मारू नका, हा भाषेचा तास आहे. मी मराठी शिकवते म्हणून असं म्हणत नाही. बरं, थोडं त्यासाठीही म्हणते.

आमच्या सिंधुदुर्गातल्या मुलांना गोष्ट सांगणं शिकवायला लांब जावंच लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. पोथीतली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि वीणा, हुडुक, टाळ यांच्या साथीनं आख्यान गाऊन, बोलून सांगायचं. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मी स्टोरीबोर्ड शिकवते तो याच वाटेनं. वहीच्या पानाचे चार तुकडे करायचे, एका तुकड्यावर एक चित्र, काड्यांची माणसं चालतील. ती चित्रं हातात धरून वर्गाला गोष्ट सांगायची. ज्या चित्रानंतर ऐकणाऱ्यांपैकी कोणीच 'मगे?', म्हणजे 'मग पुढे?', म्हणत नाही, ते चित्र बाजूला. फोनला अजून हातही लागलेला नसतो.

दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्याचंही तेच. लिहिलेले संवाद नसतात. आज कुठलं आख्यान, कोणाच्या मागून कोण येणार एवढं ठरतं, बोलणं उभ्या उभ्या सुचतं. जत्रेत रात्रभर मांडी घालून हे बघणाऱ्या पोरांना आपण स्पर्धेसाठी संवाद लिहून देतो आणि घोकून घेतो! घोकलेलं वाक्य म्हणताना मुलाचे डोळे छताकडे जातात, हे कुठल्याही पालकाला कळतं. परीक्षकांना कळत नाही, की कळूनही चालतं, कोण जाणे.

डिजिटल स्टोरीटेलिंग हा प्रकार १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डेना अ‍ॅचली, जो लँबर्ट वगैरे मंडळींनी कार्यशाळांमधून रुजवला. तिथेही भारी कॅमेऱ्याचं कौतुक नव्हतं. दोन-तीन मिनिटं, स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग, स्वतःचा आवाज आणि बऱ्याचदा घरातले जुने फोटो. म्हणून माझ्या वर्गात पहिला स्वाध्याय व्हिडिओचा नसतोच. पाच फोटो आणि आपला आवाज. यात लाजरी मुलंसुद्धा बोलतात, कारण चेहरा दिसणार नसतो.

आता एका गटाचं सांगते. पावसाळ्याचे दिवस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या, आणि घराघरांच्या पडव्यांत जाळी दुरुस्त करणं चालू. सातवीतल्या एका मुलीनं आपल्या आजोबांवर करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी गटानं जे आणलं त्यात आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत, हात गुडघ्यांवर, 'नमस्कार, माझे नाव' पासून सुरू. मी विचारलं, आजोबा दिवसभर काय करतात? "जाळा शिवतत." मग जाळं कुठाय यात? चौघंही गप्प.

दुसऱ्या खेपेला त्यांनी फोन हातांजवळ नेला. पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं जाळं, खालून वर येणारी सुई, प्रत्येक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बांबूच्या पट्टीवर मोजून मारलेली गाठ, उरलेला धागा दातांनी तोडणं. फोन स्थिर राहावा म्हणून पोरांनी तो तांदळाच्या छोट्या पिशवीवर ठेवला होता, ही कल्पना त्यांचीच. आजोबा थोड्या वेळानं कॅमेरा विसरले आणि जाळ्याकडे बघतच म्हणाले, "भोक ल्हान आसताना शिवलास तर एक गाठ, मागीर शिवशीत तर आख्खो दिस." बघा, आला संदेश, असं कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. आजोबा जाळ्याबद्दलच बोलत होते.

त्या गटाला मी फक्त एक चौकट दिली होती, ती बातमीदारीत मुरलेली आहे: कुठल्याही कामाचे पाच शॉट घ्या. हात जवळून, चेहरा जवळून, माणूस आणि जागा लांबून, खांद्यावरून त्याला दिसतं तसं, आणि पाचवा तुम्हाला सुचेल तो. प्रत्येक शॉट दहा सेकंद, तेवढ्यात फोन हलवायचा नाही, झूम करायचं नाही. पाचवा शॉट नेहमी बघण्यासारखा असतो. या गटानं जाळ्याच्या आतून आजोबांचा चेहरा घेतला होता.

चित्रापेक्षा जास्त छळतो तो आवाज. किनाऱ्यावरचं वारं माइकमध्ये घुसलं की नुसती घूंघूं. पत्र्यावर पाऊस असेल तर बोलणं संपलंच. म्हणून चौघांच्या गटात एक जण फक्त 'कान' असतो. इअरफोन लावून रेकॉर्ड झालेलं लगेच तिथेच ऐकायचं, आणि ऐकू येत नसेल तर सरळ 'परत' म्हणायचं, समोर आजोबा असोत नाहीतर मुख्याध्यापक. वर्गात गडबड करणाऱ्या मुलाला हे काम द्या, आश्चर्य वाटेल. निवेदन मात्र घरातल्या आतल्या खोलीत, गोधड्यांच्या चळतीसमोर बसून, फोन वीतभर अंतरावर धरून. आणि निघण्यापूर्वी एक मिनिट कोणी काही न बोलता तिथला पाऊस रेकॉर्ड करायचा. संकलनात तो सगळ्या शॉटखाली पसरला की जोड कळत नाहीत आणि बासरीची गरजही पडत नाही. लोकांच्या गाण्याचा हक्कभंगही टळतो.

आता तक्रार. हाच व्हिडिओ एका स्पर्धेला पाठवला तर शेरा आला, 'भाषा प्रमाण नाही.' पुढच्या वेळी काय करायचं विचारलं, तर ती मुलगी म्हणाली, "बाई, आजो शुद्ध बोलूचो नाय." बरोबर आहे, आणि त्यांनी का बोलावं? आम्ही खाली प्रमाण मराठीत ओळी टाकल्या. ज्यांना हा भाषेचा तास वाटत नाही त्यांनी हे काम एकदा करून बघावं. आजोबांचं लांबलचक वाक्य चार सेकंदांत वाचून होईल एवढं करायचं, अर्थ सांडू द्यायचा नाही, आणि ओळ तोडायची तीही शब्दगट न फोडता. सारांशलेखनाच्या प्रश्नाला कंटाळणारी मुलं एका ओळीवरून अर्धा तास भांडली.

संकलनही आधी कागदावरच होतं. शॉटच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडायच्या, सरकवायच्या, अर्ध्या काढून टाकायच्या. इथेच मी त्यांच्याबरोबर एक खेळ खेळते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हनं शंभरेक वर्षांपूर्वी केलेला प्रयोग आहे तो. एका मुलाचा काहीच भाव नसलेला चेहरा घ्यायचा. त्याला एकदा बांगड्याच्या तिखल्याचं ताट जोडायचं, एकदा तपासलेला गणिताचा पेपर. पहिल्यांदा वर्ग म्हणतो, ह्याला भूक लागलीय. दुसऱ्यांदा म्हणतो, नापास झालाय. चेहरा तोच, शॉट तोच. मग मी काही समजावत बसत नाही. नंतर एका मुलीनं घरच्या ग्रुपवर फिरणारा भांडणाचा व्हिडिओ दाखवून मला विचारलं, "बाई, ह्येच्या आदीचा खंय गेला?" म्हणजे याच्या आधीचं कुठे गेलं? 'मोबाईलचे दुष्परिणाम' वर दहा लघुपट काढून हा प्रश्न सुचला नसता.

पालकांचं म्हणणं मला माहीत आहे. एकीकडे म्हणता फोन देऊ नका, दुसरीकडे तुम्हीच गृहपाठ देता. मान्य. म्हणून चौघांत एकच फोन, तोही मोठ्यांच्या नजरेसमोर, आणि शूटिंग ठरलेल्या वेळातच. फोन आधीच भरलेला असतो आणि १०८० पीचा व्हिडिओ मिनिटाला शंभर-दीडशे एमबी खातो, त्यामुळे उगाच काढत बसायची सोयच नाही. वेळ कुठून आणायचा? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक माणसांकडे शिकायला पाठवा, असं लिहिलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी त्यातून एक सहल आणि ग्रुप फोटो एवढंच निघतं. त्याच दिवसांत रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथे, जा, होडी बांधणाऱ्याकडे जा, कलमाच्या बागेत जा. फक्त जाण्याआधी त्या माणसाला विचारा. रापण ओढणाऱ्यांच्या मधे कॅमेरा घेऊन उभं राहिलात तर शिव्या खाल, आणि त्या योग्यच असतील.

यूट्यूबवर का टाकत नाही, हेही विचारतात. नाही टाकत. मुलांचे चेहरे, घरं, घरातल्या बायका त्यात असतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावतो, घरच्यांना बोलावतो, चहा देतो. जाळंवाले आजोबा आले होते आणि स्वतःला बघून म्हणाले, गाठ चुकीची दाखवलीत, ती पहिली काढा. ती पोरांनी खरंच काढली.

जाता जाता एक मागणं. कोणाकडे जुना पण चालू फोन पडून असेल तर शाळेला द्या. स्क्रीनला तडा चालेल, बॅटरी फुगलेली नको. इअरफोन वायरचे हवेत, ब्लूटूथवर आवाज मागे पडतो. आणि मुंबईहून तुमच्या भाच्या-पुतण्यांचे व्हिडिओ मला पाठवणार असाल तर कृपया डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून त्यांचा चुरा करतं.