साडेचारशे घोडे आणि एक डावा पाय

अभिनंदन! गिअरची गाडी शिकायचं ठरवलंत आणि त्यासाठी थेट साडेचारशे घोड्यांची गाडी घेतलीत. योग्यच केलंत. पोहायला शिकायचं तर टिळक तलावाच्या उथळ बाजूला दांडी धरून पाय कशाला मारायचे? खडकवासल्याचे दरवाजे उघडले की मुठेत सूर मारावा.

मी कोण सल्ले देणारा, असं विचाराल. गेल्या रविवारी सकाळी पावणेआठला सिंहगडाच्या घाटात तुमच्यातल्याच एकाच्या मागे माझी वॅगन-आर उभी होती. तेवढी पात्रता पुरे.

सुरुवातीला एक पथ्य सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलकडे फिरकू नका. टपावर पाटी लावलेली ती खुळखुळी गाडी, मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक, आणि तोंडात सुपारी ठेवून ‘हळू सोडा, हळू, अहो हळू म्हणलं ना’ हा जप. आमची पिढी असल्याच मारुती ८०० वर शिकली. ७९६ सीसी, जेमतेम ३७ घोडे. क्लच पटकन सोडला की गाडी बेडकासारखी एक उडी मारून बंद पडायची, मास्तर खिडकीबाहेर बघायचे, मागचा रिक्षावाला आपल्या घराण्याचा उद्धार करायचा आणि विषय संपायचा. चूक स्वस्त होती हो. तुम्ही महाग चुका करा, परवडतंय ना!

लायसनची काळजी नको, ते तुमच्याकडे आहेच. ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊन काढलेलं. आपल्याकडे स्कूटर गिअरची की बिनगिअरची हे सरकार डोळ्यांत तेल घालून बघतं, लायसनवर वेगळं छापतं. चारचाकीला मात्र असले क्षुद्र प्रश्न विचारत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालेल्याला गिअरच्या गाडीला हात लावता येत नाही. जपानने तर १९९१ पासून ऑटोमॅटिकपुरतं वेगळंच लायसन काढलं. संशयी लोक. आपला एकमेकांवर विश्वास असतो.

गाडी निवडताना शोरूममध्ये मान थोडी तिरकी करून ‘मॅन्युअलच हवी’ असं म्हणायचं. समोरचा पोरगा आदराने उठून उभा राहतो. बीएमडब्ल्यूची एम२ २०२३ मध्ये भारतात आली तेव्हा तिला सहा गिअरचा दांडाही मिळत होता. ४६० घोडे, शून्य ते शंभर ४.३ सेकंदांत. ऑटोमॅटिकवाली मात्र ४.१ मध्ये शंभर गाठायची. म्हणजे दांडा वेगासाठी घ्यायचाच नाही. तो घ्यायचा हातापायांना काम हवं असतं म्हणून, गाडी आणि आपण यांच्यात मध्यस्थ नको म्हणून. खरं सांगतो, मलाही आवडतो तो. चांगल्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर ‘खट्’ करून बसतो तेव्हा पानावर नेमका चुना बसल्यासारखं समाधान मिळतं. पण तुम्ही तो रीलसाठी घेतलाय. असो.

बूट जाड तळव्याचेच घाला. क्लच नेमका कुठे पकडतो हे पायाला कळलं तर सगळी मजाच गेली.

हील-अँड-टो, म्हणजे ब्रेक दाबता दाबता गिअर उतरवायची शर्यतवाल्यांची कसरत, पहिल्याच दिवशी. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबायचा, त्याच पायाच्या कडेने रेस द्यायची, डाव्याने क्लच, डाव्याच हाताने खालचा गिअर, उजव्याने वळण. सोसायटीच्या गेटातून फर्स्टमध्ये गाडी बाहेर निघत नसली तरी हे आलंच पाहिजे.

गिअर टाकताना दांडा हिसडून टाका, रुबाब दिसतो. भरधाव वेगात पाचव्यातून चौथा टाकायला गेलात आणि हात जरा जास्तच डावीकडे ओढला गेला, तर दुसरा पडेल. घाबरू नका. इंजिन फार फिरायला लागलं की लिमिटर पेट्रोल तोडतो, पण इथे इंजिनाला पेट्रोल नव्हे, चाकं फिरवत असतात, आणि चाकांपुढे लिमिटरचं काही चालत नाही. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एरवी एकमेकांना चुकवत जन्म काढतात, त्यांची गळाभेट होते. मग इंजिन उघडून बघता येतं. शिक्षणच आहे.

उतारावर न्यूट्रल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारे ट्रकवाले हेच करतात. पुढचं तुम्ही पेपरात वाचताच.

आता चढ. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण तो सध्या माझ्या बंपरवर उमटलेला आहे.

चढावरच्या सरावासाठी रिकामा रस्ता निवडू नका. रविवार बघा, सिंहगड बघा. वरचं पार्किंग भरलं की गाड्यांची रांग घाटातच थांबते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, मधून पोरंबाळं घेऊन चालणारे लोक. माझ्या पुढे पिवळीधमक, जमिनीला टेकलेली, विदेशी, सेकंड-हँड. तिच्यात पंचविशीचा एक वीर आणि शेजारी त्याचा मित्र मोबाइल सरसावून. माझ्या मागे वडापची जीप, तीत बाराएक माणसं, टपावर पोती.

रांग पाच फूट सरकली. पिवळी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी त्याने तोडगा काढला: क्लच अर्धा धरून ठेवायचा आणि रेस द्यायची. असा काही आवाज काढला की झाडावरची माकडं आणि जीपमधली माणसं एकाच वेळी वाकून बघायला लागली. क्लच म्हणजे काय असतं हो शेवटी? इंजिनाबरोबर फिरणारं एक चाक, पुढे गिअरबॉक्स, आणि दोघांमध्ये दाबलेली एक चकती. पूर्ण सोडला की सगळे एकत्र फिरतात, पूर्ण दाबला की वेगळे. मधे धरून ठेवला की चकती घासत राहते आणि इंजिनाची ताकद रस्त्यावर जायच्या ऐवजी धगीत जाते. ३७ घोड्यांची धग आणि साडेचारशे घोड्यांची धग यांत फरक असतो. घाटात कांदाभजीचा वास यायच्या वेळी करपलेल्या क्लचप्लेटचा वास सुटला. रस्त्याकडेला ताकाचं मडकं घेऊन बसलेल्या मावशींनी नाकाला पदर लावला. “काय जळतंय रं बाबा?” त्यांनी मला विचारलं. मी पुढे बोट दाखवलं. “एवढ्या म्हागाची आन् जळतीया?” त्या म्हणाल्या.

रांग पुन्हा हलली. या गाड्यांना हिल होल्ड असतो. ब्रेकवरून पाय काढला तरी चढावर दोन-एक सेकंद गाडी आपोआप धरून ठेवतो. उत्तम सोय. पठ्ठ्याला क्लच सापडायला पाच सेकंद लागले. उरलेल्या तीन सेकंदांत ती पिवळी माझ्याकडे यायला लागली. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मागे सरावं तर जीप. मी हँडब्रेक ओढून, ब्रेकवर उभा राहून, बघत बसलो. एवढ्या जवळून एवढी महाग गाडी मी पहिल्यांदाच बघत होतो.

हेडलाइट, जाळी, बंपर.

वीर खाली उतरला. आधी स्वतःच्या गाडीचा मागचा भाग हात फिरवून तपासला. मग म्हणाला, “काका, तुम्ही अंतर ठेवायला हवं होतं. स्पोर्ट्स कार आहे, थोडी मागे येतेच.”

थोडी मागे येतेच!

अरे, स्पोर्ट्स कार मागे येते हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? हातगाडी मागे येते. तीसुद्धा तो केळेवाला चाकाखाली दगड लावून अडवतो, त्याला कळतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम १५. लायसनच्या परीक्षेत काय करून दाखवायचं याची यादी आहे त्यात, आणि स्वच्छ लिहिलंय की उभ्या चढावर गाडी थांबवायची आणि हँडब्रेक किंवा रेस आणि पायब्रेक नीट वापरून, जराही मागे न घरंगळता, पुन्हा पुढे काढायची. हे काही शर्यतीतल्या ड्रायव्हरसाठी लिहिलेलं नाही. तुझ्यामाझ्यासाठी लिहिलंय. तू ते कधी केलंस? कुणाच्या समोर केलंस? तुला पास कुणी केलं, हे मी विचारत नाही. उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे.

हां, सल्ले चालले होते. पुढचा सल्ला: धडक झाली की मित्राला शूटिंग थांबवू देऊ नका.

नाही, आता जमत नाही मला ते. गाडी धडकायच्या जेमतेम दहा सेकंद आधी, त्याच्या मागच्या आणि माझ्या पुढच्या बंपरच्या मधून एक बाई कडेवर पोर घेऊन रस्ता ओलांडून गेली होती. मी स्वतः तिला हाताने ‘जा’ म्हणालो होतो. रविवारपासून रोज रात्री तो हात मला दिसतो. हेडलाइटचं काय, तो मंगळवारी बसला. पाच वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला विम्याचा ५० टक्के बोनस वाचावा म्हणून याही वेळी क्लेम केला नाही, तेही सोडून दिलं. पण दहा सेकंद.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला, ते पुणेकरांना मी सांगायला नको. त्या गाडीला तर क्लचही नव्हता.

शिकायचंय ना? मग आधी एखादी जुनी, रडकी, छोटी गाडी घे, ती बंद पडली तर पडू दे. शेजारी चालवता येणारा माणूस बसव, मोबाइल धरणारा नको. पहाटे रिकामं मैदान गाठ. अॅक्सिलेटरला पाय न लावता, नुसता क्लच इंचाइंचाने सोडून गाडी हलव. पन्नास वेळा. मग हलका चढ, हँडब्रेक, पुन्हा पन्नास वेळा. कंटाळा येईल, येऊ दे. आणि मी काही तुझा काका नाही.

तुझ्या गाडीच्या नंबराचा फोटो माझ्याकडे आहे. हेडलाइट आणि बंपरचं बिल बावीस हजार चारशे. क्लचप्लेट बदलायला गॅरेजात जाशीलच, तेव्हा येताना घेऊन ये.