रक्त कुठं तयार होतं? आधी वय सांगा

सध्या एक संदेश जोरात फिरतोय: 'पोटातल्या बाळाच्या अंगात आईचंच रक्त खेळतं. जन्मानंतर यकृत रक्त बनवतं. मोठेपणी सगळ्या हाडांत रक्त तयार होतं, सर्वांत जास्त मांडीच्या हाडात, कारण ते सर्वांत मोठं. प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, रक्त गाळणारा अवयव) काढली की रक्त बनणं मंदावतं.' पहिलं आणि शेवटचं विधान कुठल्याच वयात खरं नाही. मधली कधी ना कधी थोडीफार खरी असतात, पण संदेशात वयांची सरमिसळ झाली आहे.

आईचंच रक्त? वारेत (प्लॅसेंटात) आईचं आणि बाळाचं रक्त एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतं. प्राणवायू, ग्लुकोज, लोह पलीकडे जातात. रक्तपेशी सहसा जात नाहीत. म्हणून तर ओ गटाच्या आईच्या पोटात ए गटाचं बाळ वाढू शकतं. थोडी गळती होते, विशेषतः प्रसूतीच्या वेळी, आणि ती मोजताही येते. आईच्या रक्ताचा काचपट्टीवर पातळ थर देऊन तो आम्लाच्या द्रावणात ठेवतात. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन विरघळून निघून जातं आणि आईच्या पेशी रिकाम्या, फिकट दिसतात. गर्भीय हिमोग्लोबिन आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे बाळाच्या पेशी गडद गुलाबी राहतात. त्यांच्या प्रमाणावरून आरएच निगेटिव्ह (तांबड्या पेशींवर आरएच हा घटक नसलेल्या) आईला अँटी-डी, म्हणजे बाळाच्या पेशींविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन, किती द्यायचं ते ठरतं: 300 मायक्रोग्रॅम बाळाच्या सुमारे 30 मिलिलिटर रक्ताला पुरतं. दोघांचं रक्त एकच असतं, तर या तपासणीत वेगळं ओळखायचं काय?

बाळ आपलं रक्त गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यापासून स्वतःच बनवतं. सुरुवात गर्भाला जोडलेल्या पीतक पिशवीच्या (योक सॅक) भिंतीत होते. तिथल्या तांबड्या पेशी मोठ्या असतात आणि त्यांत केंद्रक असतं. चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास महाधमनीच्या भिंतीतूनच रक्ताच्या खऱ्या मूळपेशी (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या) सुटतात, हा या सगळ्यातला सर्वांत विलक्षण टप्पा. आयुष्यभर पुरणारा वंश इथून सुरू होतो. या मूळपेशी यकृतात जाऊन वसतात.

जन्मानंतर यकृत? इथे कालक्रम उलटा झालाय. यकृताचं काम सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं आणि तिसऱ्या महिन्यापासून काही महिने तेच मुख्य कारखाना असतं. तेव्हा हाडं बरीचशी कूर्चेची असतात. रक्तवाहिन्या आत शिरून पोकळी तयार झाल्याशिवाय मज्जेला, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गाभ्याला, जागाच नसते. दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून मज्जा कामाला लागते आणि सातव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक भार उचलते. यकृताचं काम जन्माच्या सुमारास जवळपास संपलेलं असतं, उरलंसुरलं पुढच्या काही आठवड्यांत थांबतं.

मोठ्या माणसाच्या यकृतात किंवा प्लीहेत रक्त बनू लागलं, तर तो आजार. मज्जेत तंतू माजले की मूळपेशी जुन्या घरी परततात: प्लीहा फुगते, रक्ताच्या काचपट्टीवर अश्रूच्या थेंबासारख्या तांबड्या पेशी आणि केंद्रक असलेल्या अपक्व पेशी दिसतात. गोंधळाचं मूळ बहुधा असं की यकृत रक्त गोठवणारी बरीच प्रथिनं आणि लोह वाहणारं प्रथिन बनवतंच. पण ती प्रथिनं, पेशी नव्हेत. तांबड्या पेशी वाढवा असा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिनही गर्भात यकृतातून येतं, नंतर मुख्यतः मूत्रपिंडातून. म्हणून मूत्रपिंड निकामी झालं की रक्तक्षय होतो.

सगळी हाडं, त्यात मांडीचं? तान्ह्या बाळाला हे लागू आहे. त्याची जवळपास सगळी मज्जा लाल, म्हणजे रक्त बनवणारी, असते. वाढत्या वयात हातापायांच्या टोकांकडून धडाकडे चरबी सरकत येते, आणि 25 वर्षांच्या आसपास लाल मज्जा मुख्यतः मणके, कटीची हाडं, बरगड्या, उरोस्थी (छातीच्या मधलं हाड), कवटी आणि मांडीच्या व दंडाच्या हाडांचा वरचा भाग इथेच उरते. मांडीच्या हाडाच्या लांब दांड्यात पिवळी चरबी असते. हाड केवढं मोठं, याला इथे काही किंमत नाही.

मज्जा तपासताना सुई कुठे घालायची, ते यावरच ठरतं. मोठ्या माणसात कमरेमागच्या कटीच्या उंचवट्यातून, तान्ह्या बाळात गुडघ्याखाली नडगीच्या हाडातूनही. मोठ्याच्या नडगीत सुई घातलीत तर चरबी हाती येईल. उरोस्थीतून मज्जा ओढतात, पण तुकडा काढत नाहीत. हाड पातळ, आणि मागेच हृदय. ओढायचं तेही पहिल्या झटक्यात अर्धा मिलिलिटरच्या आत. लोभ केला की वाहिन्यांतलं रक्त मिसळतं आणि पेशींची मोजणी फसते.

गरज पडली, तर पिवळी मज्जा पुन्हा लाल होऊ शकते. थॅलेसेमियात (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजारात) ती इतकी पसरते की कवटीच्या क्ष-किरण चित्रात उभे केस उगवल्यासारखं दिसतं.

प्लीहा काढली तर? उत्पादन मंदावत नाही. गर्भातही माणसाच्या प्लीहेचा वाटा किरकोळच. उलट प्लेटलेट काही काळ वाढतात, आणि तांबड्या पेशींत केंद्रकाचे बारीक ठिपके राहून जातात, कारण ते काढून टाकणारी चाळणीच गेलेली असते. खरा धोका संसर्गाचा. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर शक्यतो दोन आठवडे आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी या जिवाणूंविरुद्धच्या लशी घ्यायच्या. तातडीने काढावी लागली, तर नंतर.