परदेशातून: पुण्यभूमीचा वाद आणि लेस्टरचा वाघ

आमच्या वसईच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. एकाने लिहिलं, ख्रिश्चनांची पितृभूमी भारत असेल पण पुण्यभूमी बाहेर आहे (सावरकरांनी १९२३ मध्ये मांडलेला मुद्दा, नवीन काही नाही), म्हणून त्यांची देशभक्ती तपासूनच घ्यायला हवी, आणि दुसऱ्याने लगेच जोडलं की इंग्लंडचा अधिकृत धर्म ख्रिश्चन असून हिंदू असलेले ऋषी सुनक पंतप्रधान झालेच ना, मग आपल्याकडे अधिकृत धर्म आला तर तुमच्या पोटात का दुखतं? मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, कॅथलिक आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी मला थेट लागतात.

सुनकांचं खरंय. मे २०२३ मध्ये राज्याभिषेकाला त्यांनी बायबलमधला उतारा वाचला, मी टीव्हीवर बघितलं, छान वाटलं. पण याच देशात (इथलं अधिकृत चर्च प्रोटेस्टंट, रोमच्या पोपला न मानणारं) कॅथलिकांना १८२९ पर्यंत पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हतं, कारण काय तर म्हणे यांची निष्ठा रोमला! आजही इथला राजा कॅथलिक असू शकत नाही. म्हणजे वसईत आमच्यावर घेतात तोच संशय इथे ख्रिश्चनांनीच ख्रिश्चनांवर शेकडो वर्षं घेतला. सुनक तिथवर पोचले ते अधिकृत धर्मामुळे नाही, त्या धर्माचे कायद्यातले दात एकेक करून काढले गेले म्हणून.

चर्च सरकारला फार चिकटलं की काय होतं तेही इथेच दिसतं. लेस्टर कॅथेड्रलमध्ये सेंट जॉर्ज चॅपल आहे, रॉयल लेस्टरशर रेजिमेंटचं. पलटणीचे जुने झेंडे आहेत, युद्धात गेलेल्यांची आठवण आहे, आणि या पलटणीचं चिन्ह म्हणजे वाघ, वर अक्षरं ‘हिंदुस्थान’. १८०४ ते १८२३ भारतात केलेल्या कामगिरीबद्दल १८२५ मध्ये मिळालेला मान. मेलेल्या पोरांसाठी प्रार्थना व्हावी, जरूर व्हावी, त्यांच्याही आया रडल्या असतील. पण माझ्या देशावर चालून गेल्याचा मान प्रार्थनेच्या जागी मिरवलेला बघून मला तिथे गुडघे टेकवत नाहीत.

आणि याच इंग्लंडात दुसरं उदाहरणही आहे. १९८२ मध्ये अर्जेंटिनाशी फॉकलंड बेटांसाठीचं युद्ध जिंकल्यावर लंडनच्या सेंट पॉल्समध्ये मोठी प्रार्थनासभा झाली, अनेकांना विजयाचं भाषण हवं होतं, पण अधिकृत चर्चच्या आर्चबिशप रॉबर्ट रन्सींनी अर्जेंटिनाच्या बाजूने मेलेल्यांच्या घरच्यांचंही दुःख बोलून दाखवलं. सत्ताधारी पक्षातले बरेच जण भडकले. रन्सी स्वतः दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर लढलेले, मिलिटरी क्रॉस मिळवलेले, त्यांना देशप्रेम कोण शिकवणार? श्रद्धा देशाच्या उपयोगी पडते ती अशी, देश जिंकून बेभान झालेला असताना त्याला समोरचं माणूस दाखवते. बायबल म्हणतं तसं कैसराचं, म्हणजे सरकारचं, ते कैसराला द्यायचंच, टॅक्स, कायदा, वेळ आली तर जीवसुद्धा, पण देवाचं ते त्याला द्यायचं नाही.

ग्रुपवर आमचेच लोक लगेच काका बाप्टिस्टांचं, आमच्यासारख्याच एका कॅथलिकाचं, नाव पुढे करतात, १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष होते वगैरे. मलाही त्यांचा अभिमान आहे, पण काकांनी स्वराज्य मागितलं ते कुणाकडून सर्टिफिकेट मिळावं म्हणून नाही, आपण तरी ते नाव पावतीसारखं का दाखवत बसायचं?

१५ ऑगस्टला मारियामातेचा सणही असतो, आपल्याकडे मिस्सा झाली की चर्चच्या आवारात झेंडावंदन, मग पोरांना खाऊ. इथे नुसता सण असतो, मला ते झेंडावंदन फार आठवतं, ते प्रेमातनं होतं आणि तसंच राहावं. फक्त त्या दिवशीच्या प्रार्थनेत एखाद्या फादरनी आपल्या जवानांसोबत सीमेपलीकडच्या घरांमधल्या आयांचंही नाव घेतलं, तर ग्रुपवर त्यांना कुणी देशद्रोही म्हणायच्या आत आपण सगळ्यांनी त्यांच्या बाजूने लिहायचं, मी तर लिहिणारच.