"म्हणजे सातबाऱ्यावर काय चढणार?"

आपलं रान नीट राखून वापरतो, असं प्रमाणपत्र रानाला घेऊया का, असं मी काकांना विचारलं, तेव्हा त्यांचा हा पहिला प्रश्न होता. संगमेश्वर तालुक्यात मी ज्या ज्या घरी हा विषय काढला, तिथे थोड्याफार फरकाने हेच ऐकलं. शहरातले मित्र याला अडाणीपणा म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन थोडं, बहुतेक रान लोकांच्या मालकीचं. ३० ऑगस्ट १९७५ला खासगी वनं संपादन करण्याचा कायदा लागू झाला आणि राज्यात कितीतरी जमिनी कागदावर सरकारजमा झाल्या. मुंबईत गोदरेजच्या जमिनीचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ला मिटला. एवढ्या मोठ्या कंपनीला तिथवर जावं लागलं, मग आमच्यासारख्यांनी कोणाच्या दारात उभं राहायचं? ज्याचं रान दाट त्यालाच धोका, ही भीती तेव्हापासून घराघरात मुरली आहे. म्हणून व्यापारी आला की ऐन, किंजळ अशी सगळी झाडं ठोक भावात जातात. लग्न, दवाखाना ही कारणं असतातच. पण रान मोकळं केलं की जमीन आपली राहते, हा हिशेबही असतो.

जंगल जपून वापरल्याची खूण देणाऱ्या एफएससी या आंतरराष्ट्रीय संस्थेसारखी प्रमाणपत्रं १९९३पासून आहेत. पण एकट्या मालकाला आराखडा, नोंदी, तपासणीचा खर्च झेपत नाही. शिवाय आमच्या सामायिक सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली अकरा मुंबईत. फिनलंडमध्येही निम्म्याहून जास्त जंगल कुटुंबांच्याच मालकीचं आहे, पण तिथे वनमालकांच्या संघांमार्फत गटानेच प्रमाणपत्र मिळतं. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२३मध्ये वन आणि लाकूड प्रमाणीकरणाची योजना आणली. ती आमच्या गावात समजावून सांगायला अजून कोणी आलेलं नाही.

लाकडापेक्षा मला बेहड्याच्या फळांचा रस्ता जास्त पटतो. भीमाशंकरकडे महादेव कोळी कुटुंबं गोळा करतात त्या बेहड्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळालं. त्यात झाड तोडायचं नाही, फळं गोळा करायची, त्यातलीही काही जनावरांसाठी सोडायची आणि गोळा करणाऱ्याला रास्त भाव. हे सांगितल्यावर काका पहिल्यांदा सरसावून बसले. "किलोला काय देतात?" म्हणाले.

माझी मागणी एवढीच आहे: प्रमाणपत्र घेतल्याने मालकी हक्काला धक्का लागणार नाही, हे महसूल आणि वन खात्याने सहीशिक्क्यानिशी, मराठीत, एका पानावर लिहून द्यावं. तो कागद घेऊन मी सतराही जणांकडे स्वतः जाईन.

काकांच्या हिश्श्यात ओढ्याकाठी एक जुना बेहडा आहे, त्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो. गेल्या तोडीला व्यापाऱ्याने त्याचे वेगळे पैसे देऊ केले होते. काकांनी ते झाड दिलं नाही.